ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांतून पीव्हीपी वेगळे काढावे काय?

ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांच्या खेळाडूंमध्ये एक मत पुन्हा पुन्हा मांडले जाते आणि एखाद्या मोठ्या पॅचमध्ये, म्हणजे खेळात केलेल्या सुधारणेत, कोणाच्या तरी आवडत्या कौशल्याची ताकद कमी झाली की ते नव्या जोमाने फिरू लागते. मत असे की, खेळाडूंनी एकमेकांशी लढण्याची व्यवस्था, म्हणजे पीव्हीपी, मूळ खेळातून पूर्णपणे काढून टाकावी आणि ज्यांना ती हवी त्यांच्यासाठी स्वतंत्र पात्रे, स्वतंत्र सर्व्हर, किंबहुना स्वतंत्र खेळच असावा. त्यासाठी साधारणपणे पाच कारणे दिली जातात. दोन्ही प्रकारांचा समतोल एकाच वेळी साधत नाही, पीव्हीपी खेळणारे थोडे असतात, त्यांच्यामुळे नवे खेळाडू पळून जातात, वातावरण बिघडते, आणि भूमिका व कथा यांच्याशी या स्पर्धेचा काही संबंध नसतो. यांतल्या प्रत्येक कारणात काही ना काही तथ्य आहे, म्हणूनच हे मत इतके पसरले आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, आणि तो अमलात आला तर ज्यांना पीव्हीपीत अजिबात रस नाही त्यांचेही नुकसान होईल.

समतोलाचा मुद्दा या पाचांत सर्वांत भक्कम आहे. संगणक चालवतो तो बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, आणि माणूस चालवतो ते पात्र हे अगदी वेगळ्या जातीचे प्रतिस्पर्धी असतात. बॉसची हेल्थ प्रचंड असते, त्याच्याशी लढाई कित्येक मिनिटे चालते आणि त्याने कोणावर हल्ला करावा हे बऱ्याच अंशी टँकच्या, म्हणजे संघासाठी मार झेलणाऱ्या खेळाडूच्या, हातात असते. माणसाची हेल्थ त्या मानाने नगण्य असते, तो टँककडे दुर्लक्ष करून थेट हीलरवर, म्हणजे साथीदारांना बरे करणाऱ्यावर, धावून जातो, आणि सहा सेकंद स्टन (बधिर) होऊन पडला तर बहुतेक वेळा तेवढ्यातच त्याचा निकाल लागतो. जे कौशल्य दहा मिनिटांच्या रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून बॉसवर केलेल्या चढाईत, सामान्य ठरते, तेच दोन माणसांच्या लढतीत असह्य ठरू शकते. म्हणून एकाच आकड्यांवर दोन्ही प्रकार चालवू नयेत, ही मागणी रास्त आहे आणि ती मलाही मान्य आहे.

पण या अडचणीवर आकडे वेगळे करणे हा उपाय पुरेसा आहे आणि तो अनेक खेळांनी करून दाखवला आहे. २००५ साली आलेल्या गिल्ड वॉर्सने पुढे काही कौशल्यांच्या दोन आवृत्त्या केल्या, एक राक्षसांशी लढण्यासाठी आणि दुसरी खेळाडूंशी लढण्यासाठी. २०१२ च्या गिल्ड वॉर्स २ ने स्पर्धात्मक सामन्यांत शिरणाऱ्या प्रत्येक पात्राला सर्वोच्च लेव्हल आणि सारख्या तोलाची साधने दिली. फायनल फँटसी १४ ने २०१७ च्या स्टॉर्मब्लड विस्तारापासून पीव्हीपीसाठी प्रत्येक जॉबला, म्हणजे पात्राच्या पेशाला, कौशल्यांचा वेगळाच संच दिला. या खेळांत एका बाजूची दुरुस्ती दुसऱ्या बाजूला न दुखावता करता येते, आणि तरीही पात्र तेच राहते, गिल्ड (खेळाडूंचा संघ) तेच राहते आणि जगही तेच राहते.

येथे एक किंमतही मोजावी लागते, आणि ती लपवणे योग्य होणार नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०१६ च्या लीजन विस्तारात पीव्हीपी सामन्यांतील बहुतेक आकडे ठरावीक साच्यात बसवले, म्हणजे मेहनतीने मिळवलेल्या शस्त्र-चिलखताचा सामन्यात पूर्वीसारखा फरक पडेना, आणि पुढच्याच विस्तारात ते साचे मागे घेतले गेले. आपले पात्र इतके दिवस वाढवले आणि नेमक्या लढतीच्या वेळी ती वाढ मोजलीच गेली नाही, ही खंत खरी असते, कारण पात्राची वाढ हा या खेळांचा प्राण आहे. पण नुसते आकडे वेगळे केल्याने जर इतके तुटल्यासारखे वाटत असेल, तर पात्रच वेगळे केल्यावर किती तुटेल याचा विचार संपूर्ण फारकतीची मागणी करणाऱ्यांनी करायला हवा. शिवाय पीव्हीपी गेले म्हणजे कौशल्यांची कपात थांबेल, हीही आशा फोल आहे. रेडमध्ये कोणता क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, किती डॅमेज करतो हे मीटरवर मोजले जाते, एखादा बॉस जगात सर्वप्रथम कोण पाडतो याची शर्यत लागते, आणि त्या तुलनेतूनही नर्फ, म्हणजे अशी कपात, होतच राहतात.

दुसरा मुद्दा संख्येचा. पीव्हीपीच्या रांगेत उभे राहणारे थोडे असतात, हे बहुतेक खेळांबाबत खरे आहे. सर्वांत कठीण रेड पूर्ण करणारेही थोडेच असतात, पण म्हणून कठीण रेडसाठी वेगळा खेळ काढा असे कोणी म्हणत नाही. याहून महत्त्वाचे असे की, लढतीत किती जण उतरतात आणि लढतीमुळे किती जणांच्या खेळाला अर्थ येतो, या दोन संख्या वेगळ्या असतात.

ईव्ह ऑनलाइन हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. २००३ पासून चालू असलेल्या या अंतराळातल्या खेळात खाणकाम, उत्पादन, मालवाहतूक आणि व्यापार यांतच रमणारे खेळाडू पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांना दुसऱ्याच्या जहाजावर गोळी झाडायची इच्छाही नसते. पण त्यांनी बनवलेल्या जहाजांना गिऱ्हाईक मिळते ते जहाजे नष्ट होतात म्हणून. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या तारकामंडळात झालेल्या लढाईत ७,५०० हून अधिक खेळाडू गुंतले, जवळपास दिवसभर ती चालली, आणि तीत टायटन या सर्वांत मोठ्या प्रकारची ७५ जहाजे नष्ट झाली. एकूण नुकसानीची किंमत त्या वेळी सुमारे ३ लाख डॉलर धरली गेली. त्या मंडळावरच्या ताब्याचे देयक वेळेवर भरले गेले नाही, एवढ्यावरून ही लढाई पेटली. त्या ७५ टायटनांचे खनिज कोणीतरी खणले होते, सुटे भाग कोणीतरी जुळवले होते, आणि लढाईनंतर भरपाईसाठी पुन्हा त्यांच्याकडेच जावे लागले. लढणाऱ्यांना उचलून वेगळ्या खेळात ठेवले, तर खाणकाम करणाऱ्याच्या हातात कोणालाच नको असलेल्या खनिजाचा ढीग उरेल. अल्बियन ऑनलाइनची घडणही अशीच आहे: तेथील लाल आणि काळ्या प्रदेशांत हरणाऱ्याच्या अंगावरचा सरंजाम जातो, म्हणूनच शस्त्रे घडवणाऱ्याला कायम काम असते.

अर्थव्यवस्थेच्या बाहेरही हा धागा दिसतो. २००१ च्या डार्क एज ऑफ कॅमलॉटमध्ये तीन राज्ये एकमेकांशी लढत, आणि ज्या राज्याच्या ताब्यात जास्त किल्ले असतील त्याच्या सर्व खेळाडूंना डार्कनेस फॉल्स नावाचे डंजन, म्हणजे राक्षसांनी भरलेले भुयार, उघडे होत असे. ज्याने आयुष्यात कधी दुसऱ्या खेळाडूवर तलवार उचलली नाही, त्यालाही सीमेवर काय चालले आहे याची त्यामुळे उत्सुकता असे. लढणाऱ्याला आपण कोणासाठी लढतो हे ठाऊक असे आणि न लढणाऱ्याला आपल्यासाठी कोण लढते हे. सामना संपला की सारे विसरले जाते अशा स्वतंत्र खेळात हे नाते निर्माणच होत नाही.

तिसरा मुद्दा नव्या खेळाडूंचा. येथे हमखास दिला जाणारा दाखला अल्टिमा ऑनलाइनचा, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये हा खेळ सुरू झाला तेव्हा शहरांच्या पहाऱ्याबाहेर कोणीही कोणालाही मारून लुटू शकत असे. नव्यांची अक्षरशः शिकार होई. निर्मात्यांनी बदनामीचे गुण, खुन्याच्या डोक्यावर बक्षीस असे अनेक उपाय केले, पण ते पुरले नाहीत. अखेर २००० साली जगाच्या दोन प्रती केल्या गेल्या: फेलुका, जेथे जुने नियम चालू राहिले, आणि ट्रॅमल, जेथे संमतीशिवाय हल्ला करता येत नसे. बहुसंख्य खेळाडू ट्रॅमलमध्ये गेले, आणि खेळाची सदस्यसंख्या पुढेही वाढत २००३ च्या सुमारास अडीच लाखांपर्यंत पोहोचली. ट्रॅमलमुळे खेळ मेला असे जे म्हणतात त्यांना हे आकडे साथ देत नाहीत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण ट्रॅमलने सिद्ध काय केले? ज्याला लढायचे नाही त्याला लढायला लावू नये, एवढेच. पीव्हीपी खेळातून गेले नाही; तेच पात्र चंद्रद्वारातून फेलुकात जाऊ शकत होते, आणि पुढे निर्मात्यांनी पात्राची कौशल्यमर्यादा वाढवणारी पॉवर स्क्रोल्स मुद्दाम फेलुकातच ठेवली. न्यू वर्ल्ड हा खेळ खुल्या पीव्हीपीवर आखला जात होता, पण चाचणीत वरच्या लेव्हलचे खेळाडू नव्यांना सतत मारत असल्याचे दिसल्यावर २०२० मध्ये तो आराखडा बदलून पीव्हीपी ऐच्छिक करण्यात आले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०१८ मध्ये वॉर मोड आणला आणि पीव्हीपी व पीव्हीई, म्हणजे मुख्यतः संगणकाच्या शत्रूंशी लढण्याच्या, सर्व्हरांचा जुना भेदच मिटवला: शहरात जाऊन एक कळ दाबायची, आणि तेच पात्र लढतीसाठी खुले किंवा बंद. हे तिन्ही दाखले संमतीचे आहेत. संमती आणि फारकत या दोन गोष्टींची गल्लत करून पहिलीचा पुरावा दुसरीच्या खाती मांडला जातो, हाच या प्रचलित मताचा मूळ दोष आहे.

फारकतीचा खरा दाखला हवा असेल तर रूनस्केपकडे पाहावे. डिसेंबर २००७ मध्ये, खऱ्या पैशांत चालणाऱ्या वस्तूंच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी, त्या खेळाने वाइल्डरनेस या प्रदेशातली जुनी खुली लढत बंद केली आणि तिच्या जागी बाउंटी हंटर, क्लॅन वॉर्स अशा बंदिस्त व्यवस्था दिल्या. ज्यांना लढायचे त्यांना लढायची सोय होती, इतरांना धोका नव्हता; म्हणजे वरील मतात मागितले जाते त्याच्या जवळ जाणारी ही रचना होती. खेळाडूंचा निषेध वर्षानुवर्षे शमला नाही. डिसेंबर २०१० ते जानेवारी २०११ या काळात कंपनीने मत मागवले तेव्हा १२ लाखांच्या आसपास मते पडली आणि त्यांतली ९० टक्क्यांहून अधिक जुनी व्यवस्था परत आणण्याच्या बाजूने होती. मतदानात मुक्त व्यापाराचा प्रश्नही जोडलेला होता, त्यामुळे प्रत्येक मत वाइल्डरनेससाठीच होते असे म्हणता येणार नाही. पण जे इतके उपद्रवी आणि थोड्यांचेच मानले जाते, त्याच्या पुनरागमनाला या बहुमताने अडवले नाही, हे तरी नक्की. १ फेब्रुवारी २०११ ला वाइल्डरनेस परत आले.

वातावरण बिघडण्याच्या मुद्द्यावर थोडक्यात. शिवीगाळ होते हे खरे आहे, पण ती डंजनमध्ये हळू चालणाऱ्या हीलरलाही होते. जेथे अनोळखी माणसे दहा मिनिटांसाठी एकत्र येतात आणि पुन्हा कधी भेटत नाहीत तेथे तिला वाव जास्त, कारण परिणाम भोगावा लागत नाही. पीव्हीपी वेगळ्या खेळात नेऊन नेमकी हीच परिस्थिती निर्माण होईल. एकाच जगात राहणाऱ्याचे नाव मात्र लोकांच्या लक्षात राहते, आणि उद्धट माणसाला चांगले गिल्ड घेत नाही.

उरला भूमिका आणि कथेचा मुद्दा. पीव्हीपी हे भूमिकाप्रधान खेळात बाहेरून घुसले आहे, असे यात गृहीत धरलेले असते. इतिहास तसा नाही. एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी ज्याची सुरुवात केली आणि रिचर्ड बार्टल यांनी जो पुढे नेला, त्या मड या आद्य बहुखेळाडू खेळातही खेळाडू एकमेकांना मारू शकत होते. बार्टल यांनीच १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडताना, मारेकऱ्यांची संख्या वाढली की गप्पा-मैत्रीसाठी आलेले खेळाडू घटतात हेही सांगितले होते. त्यांचा भर या प्रकारांचा तोल राखण्यावर होता.

आणि भूमिका म्हणजे तरी काय? काफिल्याचा रक्षक ही भूमिका आहे, पण काफिल्यावर कोणी चालून येण्याची शक्यता असेल तरच. लेखकाने लिहून ठेवलेला दरोडेखोर ठरल्या वळणावर ठरल्या वेळी येतो आणि दुसऱ्यांदा त्याच वळणावरून जाताना त्याची भीती उरत नाही. माणूस असलेला दरोडेखोर पैसे घेऊन वाट सोडू शकतो, शब्द मोडू शकतो, पुढच्या महिन्यात मित्रही होऊ शकतो. फेब्रुवारी २००९ मध्ये ईव्हमधील बँड ऑफ ब्रदर्स ही बलाढ्य आघाडी तिच्याच एका फितूर संचालकाने आतून विसर्जित केली. कोणत्याही निर्मात्याने लिहिलेली नसलेली ही कथा त्या खेळाचे खेळाडू आजही एकमेकांना सांगतात, आणि दोन आघाड्या एकाच अवकाशासाठी खरोखर झगडत होत्या म्हणूनच ती घडू शकली. लढाई स्वतंत्र खेळात नेण्याचा प्रयोगही झाला आहे: वॉरहॅमर ऑनलाइनच्या पीव्हीपी सामन्यांवरून रॅथ ऑफ हीरोज हा वेगळा खेळ काढला गेला, आणि तो बीटा, म्हणजे चाचणीच्या, अवस्थेतच २०१३ मध्ये बंद पडला. एका प्रयोगावरून नियम काढणे चूक ठरेल, पण जगापासून तोडलेल्या सामन्यांना केवळ सामन्यांसाठीच जन्मलेल्या खेळांशी झुंजावे लागते, एवढे त्यातून दिसते.

विरोधकांची एक तक्रार मात्र मला पूर्णपणे मान्य आहे आणि ती त्या पाच कारणांत क्वचितच येते. ती बक्षिसांची. वॉर मोड सुरू ठेवणाऱ्यास अनुभवगुण आणि बक्षिसे सुरुवातीपासूनच किमान १० टक्के जास्त मिळत, आणि ज्या बाजूचे खेळाडू कमी पडत तिचा लाभ पुढे आणखी वाढवण्यात आला. ज्याला लढायचे नाही तोही मग मागे पडण्याच्या भीतीने कळ दाबतो आणि मारला गेला की संतापतो. फेलुकातल्या पॉवर स्क्रोल्सनी हेच केले होते. अशा संमतीला संमती म्हणणे कठीण आहे. धोका पत्करणाऱ्याला मोबदला हवा, पण तो पीव्हीपीतच उपयोगी पडणारा असावा, किंवा किताब, ध्वज, वाहन अशा दिसण्याच्या रूपात असावा, किंवा कॅमलॉटच्या डंजनासारखा साऱ्या राज्याला मिळणारा असावा. पॅचवर पॅच येत असताना निर्मात्यांकडे आग्रह धरायचा असेल, तर दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी मिळून या एका दुरुस्तीसाठी धरावा.