कालपर्यंत चालत होती ना रे बये!

रोज रात्री २ ला मुकाट चालून मायएसक्यूएल डेटाबेसच्या टेबलात नोंद टाकणारी माझी स्क्रिप्ट मेली. कोणी हात लावला नाही, एक कॉमा इकडचा तिकडे नाही. सर्व्हरवाल्यांचा सपोर्टवाला म्हणतो, "आमच्याकडून काहीच बदल नाही सर, ब्राउझरची कॅश क्लिअर करून बघा." अरे बाबा, क्रॉन चालवतोय मी, ठरल्या वेळी सर्व्हरवर आपोआप चालणारं काम! रात्री २ ला कोणाचा ब्राउझर उघडा असतो?

हाताने चालवली तर एरर १०६४. म्हणजे तुमच्या सिंटॅक्समध्ये चूक आहे. माझ्याच! कुठे, तर 'रँक' नावाच्या कॉलमच्या आसपास, लाइन १ वर. क्वेरीच, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञाच, एका ओळीची आहे, दुसऱ्या कुठल्या लाइनवर असणार?

तीन तास. कंस मोजले. कॉमा मोजले. कुठे वाकडा कोट घुसलाय का म्हणून फॉन्ट मोठा करून एकेक अक्षर वाचलं. तोच इन्सर्ट, म्हणजे नोंद टाकायची तीच क्वेरी, माझ्या लॅपटॉपवर चालवला, पहिल्या फटक्यात गेला. सर्व्हरवर परत १०६४. शेवटी वैतागून व्हर्जन विचारलं तर मायएसक्यूएल ८.०! गेल्या महिन्यापर्यंत ५.७ होतं. म्हणे काहीच बदल नाही!

आणि ८.० मध्ये 'रँक' हा राखीव शब्द, म्हणजे डेटाबेसने स्वतःसाठी ठेवलेला, कॉलमला तसाच देता येत नाही. ओळींना क्रमांक वगैरे लावणारी विंडो फंक्शन आली, त्यांना तो हवा होता, मग माझ्या कॉलमने जीव द्यायचा. उपाय काय, तर नावाच्या दोन्ही बाजूंना दोन बॅकटिक, ते उलटे कोट. तीन तासांना दोन बॅकटिक!

यांचं हे नेहमीचंच. ५.७ ने ओळींचे गट पाडणाऱ्या ग्रुप बायला सोवळं नेसवलं, शून्याच्या (००००-००-००) तारखा बाटवल्या, तेव्हाही असाच रात्रभर बसलो होतो. वेबसाइट लिहायची भाषा पीएचपी, तिच्या ७ व्या आवृत्तीने २०१५ मध्ये जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स उचलून फेकली, तेव्हाही. आणि मायएसक्यूएलचं ते 'यूटीएफ८', अक्षरं साठवायची पद्धत! नाव यूटीएफ८, पण कॅरेक्टरला तीनच बाइट. कोणी नावापुढे इमोजी टाकला की बोंबला. खरं हवं असेल तर 'यूटीएफ८एमबी४' म्हणायचं. खोट्याला साधं नाव, खऱ्याला शेपूट.

हो, माहितीये, ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला. राखीव शब्दांची यादी डॉक्युमेंटेशनमध्ये कधीची पडलीये. अपग्रेडचा मेलही सापडला, न वाचलेला.

आणि स्क्रिप्ट काल मेली नव्हतीच. टेबलातली शेवटची नोंद ११ दिवसांपूर्वीची निघाली. क्रॉनचं सगळं आउटपुट, एररसकट, डेव्ह-नल नावाच्या कचरापेटीत ओतलंय, शेजारी कॉमेंट: 'तात्पुरतं, नंतर नीट करू'. अक्षर ओळखीचं वाटलं. क्रॉनचे रोज मेल येतात म्हणून कटकट करणारा माझ्याशिवाय दुसरा कोण असणार?

बॅकटिक टाकले, चालली. मग सहज राखीव शब्दांची ती यादी खालपर्यंत वाचली. त्यात 'ग्रुप्स'पण आहे. माझ्या एका टेबलाचं नाव ग्रुप्स आहे. त्याची स्क्रिप्ट १ तारखेला चालते.