लिंबू पिळून हुर्राक

"लघवीच्या जळजळीची चिठ्ठी कोणाची?" फोंड्यातल्या फार्मसीत काउंटरवरच्या पोराने हाळी दिली आणि सगळी तोंडं वळली. मी हात वर केला. न करून सांगते कोणाला!

बाकीचे सभ्यपणे पुन्हा मोबाइलात शिरले. बाकावरचे एक आजोबा मात्र सरसावून बसले.

"कितें जालें गो बाय? उन्हाळे लागले?"

"इन्फेक्शन आहे," मी पुटपुटले.

"आं?" आजोबांना ऐकू कमी येत होतं. हेच बाकी होतं.

"इन्फेक्शन!" आता बाहेरच्या फुलवालीलाही कळलं.

"मग गुळ्यो कित्याक? हुर्राक घे. लिंबू पिळायचं, चिमूटभर मीठ. किडनी धुवून निघते."

"दारूने जळजळ वाढते, आजोबा."

"दारू ती फेणी! हुर्राक म्हणजे फळ." काजूचं बोंडू त्यांनी हवेत पिळून दाखवलं.

"हुर्राक तर उन्हाळ्यातला. आता भर पावसात कुठला?"

"म्हजेकडेन बाटली आसा."

मग त्यांनी आवाज आणखी चढवून विचारलं, "लग्न जालां?" गोळ्या मोजणारा पोरगा मोजायचा थांबला. संबंधांनंतर लघवी करून यावं, शौचानंतर पुढून मागे धुवावं-पुसावं, हे डॉक्टरीणबाईंनी मला दार लावून सांगितलं होतं. ते आता इथे ओरडून सांगू? "झालंय," एवढंच म्हटलं.

"मग बरें," आजोबा म्हणाले. काय बरं, ते मंगेशालाच ठाऊक.

पोराने नायट्रोफ्युरँटॉइनची पाकिटं सरकवली. जेवणावर घ्या, लघवी गडद पिवळी होईल, घाबरू नका, दोन दिवसांत बरं वाटलं तरी कोर्स सोडू नका. पोरगा हुशार होता, फक्त आवाज घरी ठेवून यायला हवा होता. वर पुन्हा तेच: भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका.

प्यायला काय जातंय? बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटरची, पुरुषाची 20च्या आसपास. आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंना आमच्याकडे चालत यायलाही फार वेळ लागत नाही. एवढा अन्याय निसर्गाचा, त्याला हात जोडले. पण पुढचं सगळं माणसांनी केलेलं. पणजीला निघायचं तर सकाळपासून घोट घोट मोजायचे. वाटेत गाडी रेंगाळली की ड्रायव्हर माडाआड जाऊन येतो, कंडक्टर जातो, दोन-चार प्रवासीही पाय मोकळे करतात. बायका खिडकीतून खाडी बघतात. स्टँडवरच्या शौचालयाला कडी असली तर पाणी नसतं आणि दोन्ही असलं तर बाहेरून कुलूप.

ऑफिसात निदान स्वच्छ टॉयलेट आहे. बायकांच्या टॉयलेटची किल्ली तेवढी हेडक्लार्कच्या ड्रॉवरात असते, 'गैरवापर होऊ नये म्हणून'. टॉयलेटचा गैरवापर नक्की कसा करतात, हे त्यांना एकदा विचारायचं होतं. आज सकाळी बाटलीभर पाणी पिऊन, हिय्या करून गेले. हेडक्लार्क चतुर्थीच्या रजेवर. ड्रॉवरालाही कुलूप.