तूर्तास विजयी

‘कोण जिंकलं?’ हा सोपा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कुस्ती बघावी. फॉर्म्युला वन बघणाऱ्याला हा प्रश्न विचारला की तो आधी घड्याळाकडे बघतो. शर्यत संपून दहा मिनिटं झाली असतील तर मी ‘तूर्तास अमुक’ म्हणतो. तास उलटून गेला असेल तर ‘बहुधा अमुक’. हातचं न राखता नाव हवं असेल, तर उद्या सकाळी विचारा. अपिलाची मुदत तरीही उरतेच. समोरच्याला वाटतं माणूस भाव खातोय. भाव कसला खातो? निकाल हातातोंडाशी येऊन परत जाताना पाहिलेला माणूस असाच बोलतो.

२८ जुलै २०२४ घ्या. बेल्जियममधलं स्पा-फ्रँकोरशाँ, ७.००४ किलोमीटरचा ट्रॅक, ४४ लॅप, म्हणजे फेऱ्या. मर्सिडीजचा जॉर्ज रसेल सहाव्या जागेवरून सुटला, दहाव्या लॅपला टायर बदलले आणि उरलेले ३४ लॅप हार्ड, म्हणजे कडक रबराच्या, टायरांच्या एकाच जोडावर काढले. शेजारच्या गाड्या टायर बदलायला दोनदा पिटमध्ये येऊन गेल्या. शेवटी त्याच्याच टीममधला लुइस हॅमिल्टन ताज्या टायरवर त्याच्या शेपटाला लागला, पण रसेल ०.५२६ सेकंदांनी पुढे राहिला. राष्ट्रगीत झालं, चषक उंचावला, शॅम्पेन उडाली. मग गाडी काट्यावर चढली.

नियमातलं तेव्हाचं किमान वजन ७९८ किलो. काट्यावर आकडा आला ७९८.०. इथे कुणालाही वाटेल, सुटलो. पण हे वजन इंधनाशिवायचं हवं. म्हणून टाकीतलं २.८ लिटर इंधन काढलं आणि पुन्हा वजन केलं: ७९६.५. बाहेरचा आणि आतला, दोन्ही काटे खरे आहेत का हेही तपासून झालं. काटे खरेच होते. दीड किलोपायी रसेल बाद, हॅमिल्टन पहिला, ऑस्कर पियास्त्री दुसरा, आणि पोडियमवर पाऊलही न ठेवलेला शार्ल लेक्लेर तिसरा. शॅम्पेन अंगावर घेतलेला माणूस यादीत नाही आणि यादीतला तिसरा माणूस कोरडाच.

हे दीड किलो गेलं कुठे? या किमान वजनात चालक धरलेला असतो, हेल्मेट-बूट-सूटसकट. तो दीड तासात घामावाटे हलका होतो. गाडीच्या पोटाखालची फळी घासली जाते. आणि टायर झिजतात; झिजलेलं रबर म्हणजे गेलेलं वजनच. ३४ लॅप एकाच जोडावर काढले की ही उधळपट्टी बाकीच्यांपेक्षा जास्त होते. एका थांब्याने रसेलला शर्यत दिली, आणि त्यानेच जिंकलेली शर्यत घालवण्यातही हातभार लावला असणार.

यावर चालकांचा एक जुना उपाय आहे. शर्यत संपल्याच्या झेंड्यानंतर परतीच्या लॅपला गाडी ट्रॅकच्या कडेकडेने नेतात. आपल्याला वाटतं, बिचारा प्रेक्षकांना हात दाखवतोय. हात दाखवतोच, पण त्याचं खरं लक्ष खाली असतं. ट्रॅकच्या कडेला सगळ्यांच्या टायरांतून उडालेल्या रबराचा चुरा पडलेला असतो. गरम टायरला तो चिकटतो आणि गेलेलं वजन थोडंफार परत येतं. ही भंगारवेच अगदी कायदेशीर आहे. स्पाला मात्र ती सोयच नाही. तिथे झेंड्यानंतर गाड्या पूर्ण लॅप मारत नाहीत; पहिल्या वळणाशी वळून पिटच्या बाहेर पडायच्या वाटेनेच आत शिरतात. वेचायला कडाच नाही.

‘मग दोन किलो जास्तच ठेवायचे की!’ असा सल्ला घराघरांतून दिला जातो. ढोबळ हिशेब असा, की १० किलो वजन लॅपमागे साधारण ०.३ सेकंद खातं. म्हणजे दीड किलोला लॅपमागे ०.०४५, आणि ४४ लॅपना जवळपास दोन सेकंद. रसेल जिंकला होता अर्ध्या सेकंदाने. आता सांगा, ठेवता का दीड किलो? इंजिनिअर वजन टाकत नाही तो कंजूष म्हणून नाही. टाकलं तर हरतो आणि नाही टाकलं तर कधीतरी बाद होतो. यातलं दुसरं क्वचित होतं, एवढाच त्याचा आधार.

वजनानंतर फळी. गाडीच्या तळाला एक प्लँक असतो. १९९४च्या मध्यात तो आला तो गाड्या जमिनीला फार लगटून धावू नयेत म्हणून. नवा असताना जाडी १० मिलिमीटर, शर्यतीनंतर ठरलेल्या भोकांशी मोजतात तेव्हा किमान ९ हवी. पूर्ण शर्यतीला घासायची मुभा एक मिलिमीटर! गाडी जितकी खाली तितकी हवा तिला खाली दाबते आणि तितकी ती वळणात चिकटते. म्हणून सगळे गाडी खाली आणत जातात, आणि ट्रॅकवर उंचवटे असतील तर फळी किसली जाते. रात्रीच्या शर्यतीत गाडीखालून ठिणग्यांचा फवारा उडतो, तो प्लँकमध्ये बसवलेल्या टायटॅनियमच्या तुकड्यांचा. लोक ‘वा!’ म्हणतात. मी मिलिमीटर मोजत बसतो.

ऑस्टिनला २०२३ साली हॅमिल्टन दुसरा आणि लेक्लेर सहावा आला होता. दोघेही फळीवर गेले. तो स्प्रिंटचा (मुख्य शर्यतीआधी एक छोटी शर्यत) आठवडा होता, म्हणजे सरावाला एकच तास. त्यानंतर गाडी पार्क फर्मेच्या, म्हणजे फेरफार बंदच्या, नियमात अडकली की उंची बदलता येत नाही. ट्रॅक खडबडीत आहे हे कळलं तरी वर उचलायची सोय नाही. त्यातली खरी मौज अशी की त्या दिवशी फळी तपासली चारच गाड्यांची. चारांत दोन नापास. बाकीच्यांचं काय? बाकीचे पास, कारण त्यांना परीक्षेलाच बसवलं नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण ऐकून आहोत. इथे दोन शितं कच्ची निघाली तरी पातेलं तसंच वाढलं. सगळ्या गाड्यांची सगळी तपासणी करायला वेळ आणि माणसं नसतात, हे कारण खरं आहे. पटत नाही, ते वेगळं.

२०२५मध्ये तर कहरच झाला. शांघायला हॅमिल्टन फळीवर बाद, लेक्लेर आणि गॅस्ली वजनावर. लेक्लेरची पुढची विंग शर्यतीत मोडली होती, तर तपासनिसांनी वजनासाठी अखंड विंग लावू दिली. एवढा उदारपणा दाखवूनही इंधन काढल्यावर ८००च्या जागी ७९९ भरले. मग नोव्हेंबरात लास व्हेगास: नॉरिस दुसरा, पियास्त्री चौथा, दोघेही मॅक्लारेनचे, दोघांचीही फळी ९च्या खाली. जगज्जेतेपदाची चुरस ऐन रंगात असताना दशांश-शतांश मिलिमीटरने दोघांचे गुण गेले. मायक्रोमीटर हा या खेळातला सगळ्यात निर्दय चालक.

इंधनाचं थोडक्यात. शर्यतीनंतर तपासणीला एक लिटर इंधन काढून देता आलं पाहिजे. हंगेरीत २०२१ साली सेबास्टियन व्हेटेल दुसरा आला आणि त्याच्या गाडीतून निघालं ०.३ लिटर. टीम म्हणत होती टाकीत आहे, पण पंपाला निघत नाही. नियमाला ‘आहे’ चालत नाही, बाटलीत दिसावं लागतं. तेव्हापासून कुणी झेंड्यानंतर गाडी वाटेतच बाजूला लावली, की समालोचक ‘भावुक झालाय’ म्हणतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.

हे झालं यंत्राचं. माणसांच्या दंडाचा छळ निराळाच. पाच सेकंदांचा दंड पिटमध्ये भोगता आला नाही तर शेवटच्या वेळेत मिळवतात. म्हणजे पुढे असलेला पुढे असतोच असं नाही. शेवटचे दहा लॅप डोळे ट्रॅकवर नसतात, उजवीकडच्या अंतराच्या आकड्यावर असतात, ४.८ असेल तर हारतोय, ५.२ झालं तर जिंकतोय. माँट्रियलला २०१९ साली व्हेटेलने रेषा पहिली ओलांडली, पण गवतातून परत येताना हॅमिल्टनची वाट अडवली म्हणून पाच सेकंद बसले आणि विजय हॅमिल्टनचा झाला. व्हेटेलने गाड्यांपुढच्या ‘१’ आणि ‘२’ अंकांच्या पाट्यांची अदलाबदल केली. अर्धा तास खटपट करून मी जो निकाल समजावून सांगितला असता, तो त्याने दोन पाट्यांत सांगितला.

शर्यत सेफ्टी कारच्या (धोका असताना सगळ्यांना हळू चालवणाऱ्या गाडीच्या) मागे संपली तर पाच सेकंद म्हणजे सर्वनाश, कारण सगळे एकमेकांना चिकटून असतात. मेलबर्नला २०२३मध्ये कार्लोस साइन्झ याच हिशेबात चौथ्यावरून बारावा झाला. त्याच्या आधीच्या शर्यतीत, जेद्दाहला, फर्नांडो अलोन्सो पिटमध्ये पाच सेकंदांचा दंड भोगत उभा होता. दंड संपेपर्यंत गाडीवर काम करायचं नसतं. गाडी उचलायचा मागचा जॅक मात्र गाडीला टेकला. पोडियम झाल्यावर दहा सेकंद बसले, तिसरा क्रमांक रसेलला गेला. मग टीमने जुने दाखले दाखवले की नुसतं टेकणं म्हणजे काम नव्हे, आणि काही तासांनी क्रमांक परत. चषकाचा मालक एका रात्रीत दोनदा बदलला. त्याच वर्षी ऑस्ट्रियात पांढऱ्या रेषेबाहेर गाडी गेल्याचे १,२००हून जास्त संशयित प्रसंग तपासायचे निघाले, आणि शर्यत संपल्यावर काही तासांनी आठ जणांच्या वेळा बदलल्या. वरातीमागून घोडं म्हणतात. इथे घोडंही रेषेबाहेर गेलेलं.

मग विश्वास ठेवायचा तो निदान चौकड्यांच्या झेंड्यावर तरी? नाही. कॅनडात २०१८ साली झेंडा दाखवायला बोलावलेल्या पाहुण्यांनी तो एक लॅप आधी फडकवला. ७० लॅपच्या शर्यतीचा निकाल त्याच्याही आधीच्या, ६८व्या लॅपचा धरला. सुझुकाला २०१९मध्ये झेंड्याऐवजी दिव्याचा फलक चुकला, ५३च्या जागी ५२ लॅप धरले. शेवटच्या लॅपला सेर्जिओ पेरेझ धडकून बाहेर गेला होता, पण तो लॅप झालाच नाही असं ठरल्यामुळे त्याचा नववा क्रमांक कायम. आपटलेली गाडी आणि मिळालेले गुण, दोन्ही एकाच वेळी खरे.

पाऊस पडला की विचारूच नका. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. स्पाला २०२१मध्ये सेफ्टी कारच्या मागे चालवलेल्या फेऱ्यांवर निकाल लागला, व्हर्स्टॅपन ‘जिंकला’ आणि अर्धे गुण म्हणून साडेबारा मिळाले. इंटरलागोसला २००३ साली अपघातांमुळे शर्यत थांबली. निकाल मागच्या लॅपचा धरायचा, पण कुठल्या मागच्या? आधी किमी रायकोननला विजेता केलं. नंतर मोजणी तपासली तर जिआनकार्लो फिसिकेला शर्यत थांबली त्या वेळी आणखी एक लॅप पुढे गेलेला निघाला. त्याला चषक मिळाला पुढच्या शर्यतीच्या वेळी, इमोलाला. सुझुकाला २०२२ साली तर ५३पैकी २८च लॅप झाले. सगळ्यांनी गुण कमी धरून हिशेब मांडला होता. पण कपातीचा नियम फक्त थांबून पुन्हा सुरू न झालेल्या शर्यतीला होता, आणि ही सुरू झाली होती. पूर्ण गुण! त्यात लेक्लेरला शेवटच्या वळणाचे पाच सेकंद बसले, आणि आपण जगज्जेते झालो की नाही हे विचारायची पाळी खुद्द व्हर्स्टॅपनवर आली.

इतकं सोसल्यावर काही युक्त्या अंगवळणी पडतात. पोडियम बघू नये, कागद बघावेत. आधी तांत्रिक प्रतिनिधीचं पत्रक येतं: गाडीचा क्रमांक, नियमाचं कलम, मापाचा आकडा. मग स्टुअर्ड्सचं, म्हणजे शर्यतीच्या पंचांचं, बोलावणं. त्यात चालकालाही बोलावलं असेल तर ट्रॅकवरचं भांडण आहे, काही सेकंदांवर भागेल. फक्त टीमच्या प्रतिनिधीला बोलावलं असेल तर काटा नाहीतर मोजपट्टी आहे, आणि तिथे ‘चुकून झालं’ चालत नाही. कमी ते कमी. तात्पुरता निकाल जाहीर झाल्यावर हरकत घ्यायला ३० मिनिटं. स्टुअर्ड्सच्या निर्णयावर अपील करणार असं कळवायला एक तास, आणि ते नक्की करायला ९६ तास. अबू धाबीत २०२१ साली मर्सिडीजने हे ९६ तास जवळपास पूर्ण वापरले आणि मग अपील केलंच नाही.

बरं, अपील केलं तर? १९७६च्या मे महिन्यात स्पेनमध्ये जेम्स हंट मॅक्लारेन घेऊन पहिला आला. रुंदीची मर्यादा नुकतीच लागू झाली होती, आणि ती बेतली होती याच मॅक्लारेनवरून, कारण तीच सगळ्यांत रुंद. टायर फुगले आणि गाडी १.८ सेंटिमीटर जास्त भरली. हंट बाद, निकी लाउडा विजेता. जुलैत अपील मान्य झालं, हंट पुन्हा विजेता. त्याच जुलैत ब्रँड्स हॅचला तो जिंकला, आणि तो विजय सप्टेंबरात काढून लाउडाला दिला. तेव्हा १९७६ साली अमुक शर्यत कोण जिंकलं असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, कुठल्या महिन्यात?