खुलासा: नीटच्या गुणांवर ‘आयसर पुणे’त प्रवेश मिळत नाही

बारावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय: ‘मेडिकल हुकलं तर नीटच्याच गुणांवर पाषाणच्या आयसरमध्ये प्रवेश मिळतो, गणित लागत नाही.’ हे चुकीचं आहे. (आयसर म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था.)

आयसरच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस (विज्ञानातली पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकत्र) अभ्यासक्रमासाठी आयएटी (आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट) ही स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. तीन तासांत ६० प्रश्न: जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. बारावीला गणित नसलं तरी अर्ज करता येतो. मेसेजमधला गोंधळ बहुधा इथूनच आला. पण गणिताचे ६० गुण सोडून यादीत वर येणं फार कठीण. प्रवेशानंतरही सुरुवातीला गणित शिकावं लागतंच.

सगळ्यात मोठा धोका तारखांचा आहे. आयएटीचे अर्ज साधारणपणे नीटचा निकाल लागण्याआधीच बंद होतात. निकालाची वाट पाहत बसलेल्या मुलांचं वर्ष हातचं जातं. दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या असतील तर दोन्ही अर्ज वेळेत भरा.

‘डॉक्टर झालं की संशोधन बंद’ हेही त्याच मेसेजमध्ये आहे आणि तेही खोटं. एमबीबीएसनंतर अनेक संस्थांत पीएचडी करता येते. उलट, जीवशास्त्रातल्या पीएचडीने रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात ही दुरुस्ती टाका.