पायडल आधी काढून ठेवा
साठीनंतर पुन्हा सायकल चालवण्याबद्दलचा हा लेख आवडला, पण ‘एकदा आलेली सायकल माणूस विसरत नाही’ हे अर्धंच खरं. तोल आठवतो, पण शरीर पूर्वीचं राहिलेलं नसतं.

माझे बाबा लालबागहून गिरणीत सायकलनेच जायचे. १९८२च्या संपानंतर सायकल सुटली ती सुटलीच. गेल्या वर्षी, अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी पुन्हा हट्ट धरला. खरी अडचण आली टांग टाकताना. गुडघा आणि कंबर तेवढी उचलेनात. म्हणून मधला दांडा नसलेली, आपण लेडीज सायकल म्हणतो ती घेतली. सीट इतकी खाली केली की दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील. पायडल काढून ठेवले आणि आठवडाभर सोसायटीच्या आवारात फक्त पायाने ढकलत चालवायला लावली. पडायची भीती त्यातच गेली. मग पायडल लावले, सीट हळूहळू वर घेतली.

मान मागे वळत नाही, म्हणून हँडलला आरसा हवाच. रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि कृपा करून मागून सीट धरून पळू नका. त्याने चालवणाऱ्याचा तोल बिघडतो, बाजूने चाला.

आता रविवारी सकाळी आम्ही बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जातो. मुंबईच्या रस्त्यावर मात्र मी त्यांना अजून एकट्याला सोडत नाही. बस मागून हॉर्न देते तेव्हा माझाच जीव खालीवर होतो.