ज्याच्या संशोधनातून गोळी आली, त्याच्याच नावानं गोळी बंद?

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या आत्यानं तेवीस दिवस कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी घेतली नव्हती. चहा करायला गेले तेव्हा साखरेच्या डब्यामागे स्ट्रिप सापडली, एकही गोळी न फोडलेली. दोन वर्षांपूर्वी मिरजेत तिला स्टेंट बसवलाय. विचारलं तर तिनं मोबाइल पुढे केला. "अगं, तुझ्याच विषयातलं आहे की!" मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते.

मेसेज असा: नोबेलविजेते कोनराड ब्लॉख यांनी सिद्ध केलंय की पेशीची भिंत कोलेस्टेरॉलची असते. स्टॅटिनची गोळी ती भिंत पोखरते, मेंदू सुकवते. गोळी सोडा, रोज सकाळी कोमट तुपात चमचाभर राजापुरी हळद घ्या, पेशी पुन्हा बांधल्या जातील.

भिंतीचं आधी. माणसाच्या पेशीला भिंत नसतेच, पटल असतं. आठवी-नववीच्या पुस्तकात आहे हे. भिंत असते वनस्पतींना, जंतूंना. आणि ब्लॉख यांचं नाव घ्यायचंच तर नीट घ्या. १९३४ मध्ये नाझी जर्मनी सोडून ते स्वित्झर्लंडमध्ये दावोसला आले. आपल्याकडे वानलेसवाडी जशी क्षयाच्या सॅनेटोरियमसाठी ओळखली जायची, तसंच तेव्हा दावोस. तिथं क्षयाच्या जंतूतले स्निग्ध पदार्थ तपासताना त्यांना आढळलं की या जंतूत कोलेस्टेरॉल असल्याचा आधीचा दावाच चुकीचा होता. म्हणजे ज्याला खरोखर भिंत असते, त्याच्यात कोलेस्टेरॉल नाही!

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. आपल्या पेशीपटलाला कोलेस्टेरॉल लागतं. पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. त्यात कोलेस्टेरॉल बसलं की तो थर फार पातळही होत नाही आणि थंडीतल्या तुपासारखा थिजतही नाही. उत्तरायुष्यात ब्लॉख याच प्रश्नामागे होते: लॅनोस्टेरॉल या आधीच्या रेणूपासून कोलेस्टेरॉल होताना तीन मिथाइल गट (एकेका कार्बनचे छोटे तुकडे) गळतात, ते कशासाठी? रेणू सपाट होतो आणि पटलात घट्ट बसतो. मेसेजवाल्यानं यातलं अर्धं वाक्य उचललं.

उरलेलं अर्धं हे, आणि माझा सगळा राग इथं आहे. अ‍ॅसिटेट या दोन कार्बनच्या साध्या रेणूपासून शरीर कोलेस्टेरॉल कसं घडवतं, त्याच्या सत्तावीसही कार्बनचा हिशेब ब्लॉख आणि इतरांनी लावला. १९६४ चं नोबेल त्यांना आणि फिओडोर लीनेन यांना मिळालं ते याच कामासाठी. त्या साखळीतली एक पायरी अडवणारा पदार्थ अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासून १९७३ मध्ये शोधला. तोच पहिला स्टॅटिन. ब्लॉख यांनी वाट दाखवली नसती तर ही गोळी निघालीच नसती, आणि त्यांच्याच नावानं लोक ती कचऱ्यात टाकताहेत!

गोळी पटल पोखरत नाही. यकृतात कोलेस्टेरॉल बनणं कमी झालं की यकृताच्या पेशी आपल्या पटलावर एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) पकडणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, वाढवतात आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतात. हे ग्राहक ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी शोधले, १९८५ चं नोबेल त्यांचं. पटल उघडं पडत नाही, कारण शरीरातल्या बहुतेक पेशी लागेल तेवढं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतात. मेंदूही रक्तातल्यावर अवलंबून नसतो, स्वतःचं स्वतः बनवतो.

आणि गोळी सोडण्याचा धोका? १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. पाचएक वर्षांत नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ दगावले, स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे होते. चौऱ्याहत्तर माणसांचा फरक आहे हा. काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर थोडी वाढते, हे खरं. मग डॉक्टरांना सांगा, ते डोस बदलतील, गोळी बदलतील.

हळदीबद्दल सांगलीच्या माणसाला काय सांगायचं! भाजीत घाला, दुधात घाला. पण स्टेंटवाल्या बाईनं गोळीऐवजी रोज तूप चाटायचं? तुपातल्या संपृक्त चरबीनं एलडीएल वाढतं.

काल आत्याला तिच्या डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं. गोळी पुन्हा सुरू झाली. मेसेज तिला भिशीतल्या एका काकूंनी पाठवला होता. त्यांच्या यजमानांचीही अँजिओप्लास्टी झालीय. त्यांची गोळी चालू आहे का, हे विचारायला मी आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे.