बॉडीला करंट

परवा सर्व्हिस सेंटरच्या पोराने माझ्या जॉबशीटवर 'कस्टमरने उघडलेला' असं लिहिलं. तेही माझ्या डोळ्यांसमोर, शांतपणे, आणि वर 'सर इथे सही करा'. केली सही. पण तेव्हापासून डोक्यात जातंय. उघडलेला म्हणजे काय रे? लॅपटॉप माझा, हप्ते माझे, आणि उघडला तर मी चोर?

झालं होतं एवढंच की टचपॅड आपोआप क्लिक व्हायला लागलं. कॉलवर क्लायंट बोलतोय आणि माझा कर्सर आपला आपण जाऊन 'लीव्ह' दाबतोय, टीममध्ये दोघांना वाटलं मी चिडून उठलो. मग नेहमीचं सगळं केलं, रीस्टार्ट झालं, ड्रायव्हर काढून परत टाकला, चार्जर काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरलं. शेवटी टचपॅड बंद केलं आणि साधा माउस लावला तर एकदम शांत. म्हणजे दुखणं सॉफ्टवेअरचं नव्हे, आत काहीतरी टचपॅडला खालून ढकलतंय. टेबलावर ठेवला तर लॅपटॉप डुगडुगत पण होता. मला अंदाज आला होता. तेवढ्यात बेल वाजली.

तिसऱ्या मजल्यावरचे काका. मेंटेनन्सची पावती द्यायला आलेले. काकांचा जन्म गेला वागळे इस्टेटमध्ये मोटरी वाइंड करण्यात, त्यामुळे जगात जे जे विजेवर चालतं ती त्यांच्या मते मोटरच असते, फक्त काहींना ते माहीत नसतं. पावती राहिली हातात आणि काका सरळ खुर्चीत.

आधी त्यांनी लॅपटॉप उचलून वास घेतला. चारी बाजूंनी, कलिंगड घेताना घेतात तसा.

"जळका वास नाही. वायंडिंग शाबूत आहे."

"काका, यात वायंडिंग नसतं."

"पंखा आहे का आत?"

"आहे."

"पंख्याला मोटर असते का?"

"असते."

"मग वायंडिंग नाही कसं म्हणतोस?"

यावर काय बोलणार. मग त्यांनी खिशातून टेस्टर काढला (हा माणूस कोपिनेश्वरला दर्शनाला जाताना पण खिशात टेस्टर घेऊन जातो, देवाला काय चेक करतो देव जाणे), त्याचं टोक लॅपटॉपच्या बुडाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मला पण हातानेच गप्प केलं. आतून काकूंचा फोन, "अहो कुठे आहात", तर फोनलाही हातानेच गप्प. "बेअरिंग ओके," डोळे न उघडता निकाल.

इथवर मजाच होती. पण मग लॅपटॉप चार्जरला लावलेला असताना त्यांनी टेस्टर बॉडीला लावला, वर बोट ठेवलं, आणि टेस्टर पेटला.

काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या नातीच्या लग्नात पण पाहिलं नव्हतं. "बॉडीला करंट! अरे बॉडीला करंट येतोय!"

आता हे खरं आहे आणि त्यात विशेष काही नाही. चार्जर टू-पिन असला की मेटलच्या बॉडीवर किंचित लीकेज येतं, चार्जरमधल्या नॉइज फिल्टरच्या कपॅसिटरमधून, कधीकधी मनगटाला बारीक मुंग्या येतात ते हेच. एक मिलिॲम्पिअर पण नसतो. टेस्टरच्या निऑनला पेटायला तेवढा पुरतो. हे मी सांगत होतो तोवर काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'बी विंग अर्थिंग फॉल्ट. कृपया कोणीही गीझर लावू नये.'

पाच मिनिटांत घरात सेक्रेटरी, वरच्या मजल्यावरच्या वहिनी, वॉचमन, आणि ए विंगचा एकजण जो फक्त बघायला आला होता. वहिनी म्हणाल्या तरीच आमच्या मिक्सरला झिणझिण येतं. सेक्रेटरी म्हणाले हे आधी लेखी का नाही दिलं. मी म्हणतोय अहो टचपॅड, टचपॅड! कोणी ऐकेल तर शपथ. माझाच लॅपटॉप, माझ्याच घरात, आणि मला मागे उभं राहायला सांगितलं.

गर्दी पांगल्यावर खालचं कव्हर काढलं. स्क्रू दिसतात तेवढेच नसतात, दोन रबराच्या पट्टीखाली लपवलेले, आणि बिजागरीकडचे लांब. त्यातल्या एकाची खाच काकांनी टेस्टर घालून गुळगुळीत केली, सर्व्हिस सेंटरवाल्याने बोट ठेवलं ते नेमकं त्याच्यावर. आत बॅटरी टम्म फुगलेली. लिथियम बॅटरी म्हातारी झाली, त्यात दिवसभर चार्जरला शंभर टक्क्यांवर लावलेली आणि ठाण्याचा उकाडा, की आतलं रसायन हळूहळू विघटित होऊन गॅस धरतो आणि पाऊच फुगतो. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग पुष्कळ लॅपटॉपमध्ये असते, पण ती अशा मेनूत पुरलेली की कंपनीलाही सापडत नसेल.

काका म्हणाले, "टाचणी आण, हवा काढू."

मी बॅटरीवर अक्षरशः आडवा हात घातला. काका, टोचली तर पेट घेईल ती, पाण्यानेही पटकन विझत नाही. त्यांना पटेना. म्हणून म्हटलं, या बॅटरीसाठी २०१९ साली तिघांना नोबेल मिळालं, त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. काका एकदम खूश. "म्हणजे मला अजून बरीच वर्षं आहेत."

तर कनेक्टर काढला, बॅटरी काढली, लॅपटॉप चार्जरवर मस्त चालला, आणि नवी बॅटरी टाकायला मी मेट्रोच्या खांबांमधून घोडबंदर रोडने रखडत सर्व्हिस सेंटरला गेलो. उघडलेला आहे म्हणून वॉरंटीचा प्रश्नच नाही, जी तशीही संपली होती. आधी बोर्ड चेक होईल, त्याचे वेगळे पैसे. काढलेली बॅटरी? ती आम्ही घेत नाही सर. म्हणजे २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांत जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकलीय, पण काउंटरवरच्या पोराला ते कोणी सांगितलेलं नाही, आणि मी सांगितलं तर तो माझ्याकडे बघतो मीच नियम केल्यासारखा. युरोपात म्हणे फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्या माणसाला स्वतः काढून बदलता आल्याच पाहिजेत. इथे स्वतः काढली तर जॉबशीटवर शेरा.

बॅटरी सध्या गॅलरीत वाळूच्या बादलीत आहे. घंटागाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला ओला का सुका ते आधी सांगा. शिवाय रविवारच्या मीटिंगमध्ये अर्थिंग तपासायला फ्लॅटमागे २०० रुपये काढायचं ठरलं, आणि तक्रार माझ्या घरातून निघाली म्हणून वसुलीही माझ्याकडेच दिलीय. काकांनी अजून दिलेले नाहीत.